हृदयातला तो छोटासा थांबा

हृदयाला ‘धडधड’ म्हणून मेंदू सांगतो असं बऱ्याच जणांना वाटतं, मलाही वाटायचं, पण तसं नाहीये. शरीराबाहेर काढलेलं हृदय सुद्धा योग्य द्रव आणि ऑक्सिजन मिळत राहिला तर काही वेळ आपलं आपण धडधडत राहतं. कारण त्याची वीज त्याच्यातच तयार होते.

उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात एसए नोड नावाचा पेशींचा छोटा पुंजका असतो. या पेशी शांत बसतच नाहीत, सोडियमचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, हळूहळू आत झिरपत राहतात, व्होल्टेज चढत जातं आणि एका पातळीला पोचलं की कॅल्शियमची दारं उघडतात, झालं, सिग्नल सुटला. मोकळं सोडलं तर मिनिटाला साधारण १०० वेळा हे होईल, आराम करताना ठोके ६०-७० दिसतात कारण मेंदूकडून हृदयाकडे येणारी व्हेगस नर्व्ह ही नस ब्रेक दाबून असते. म्हणजे मेंदू वेग कमी-जास्त करतो, ठोका सुरू करत नाही.

सिग्नल पेशीतून पेशीत पसरतो, वरचे दोन्ही कप्पे आकुंचन पावतात. पण खाली जायला एकच वाट, कारण मधला झडपांभोवतीचा तंतुमय भाग वीज वाहून नेत नाही. ती वाट म्हणजे एव्ही नोड, सुनाओ तावारा या जपानी डॉक्टरने १९०६ मध्ये याचं वर्णन केलं. आणि इथे सिग्नल चक्क रेंगाळतो, सेकंदाचा जेमतेम दहावा भाग! मला सगळ्या रचनेत हेच सगळ्यात सुंदर वाटतं, कारण तेवढ्या वेळात वरचं रक्त खालच्या कप्प्यांत उतरतं, ते भरायच्या आधीच पिळले गेले तर पंप करणार काय?

पुढे मात्र नुसती धाव. खालच्या कप्प्यांत सिग्नल पसरवणाऱ्या पर्किंजे तंतूंमधून सेकंदाला २ ते ४ मीटर वेगाने सिग्नल आधी हृदयाच्या खालच्या टोकाकडे पोचतो, म्हणून हृदय खालून वर पिळलं जातं, रक्त बाहेर जायच्या वाटा वरच आहेत ना.

ईसीजीच्या कागदावर पहिला छोटा उंचवटा आणि मग उंच टोक, यांच्या मधली सपाट रेघ म्हणजे मुख्यतः हाच थांबा. काही जणांना जन्मतः एक जादा वाट असते, तिथे सिग्नल थांबतच नाही, ती रेघ आखूड दिसते आणि कधीकधी ठोके एकदम सैरावैरा धावायला लागतात. अशा वेळी डॉक्टर मांडीच्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन ती जादा वाट जाळून बंद करतात.