मोठी चाके: मिलिमीटर, कायदा आणि विमा

उभ्या गाडीच्या टायरची कड ओल्या फडक्याने पुसली की तिच्यावरची उठावदार अक्षरे स्पष्ट वाचता येतात. आपल्याकडच्या अनेक छोट्या गाड्यांवर ती अशी असतात: १८५/६५ आर १५ ८८एच. कारखान्याची चाके उतरवून त्यांच्या जागी मोठी अलॉय, म्हणजे हलक्या मिश्रधातूची चाके, बोली भाषेतली ‘मॅगव्हील’ बसवण्याचा विचार करणाऱ्याने दुकानातल्या चकचकीत भिंतीकडे पाहण्याआधी ही ओळ नीट वाचावी, कारण पुढे आरटीओ आणि विमा कंपनी यांच्याशी जो काही संबंध येणार आहे, त्याची बरीचशी मांडणी याच ओळीत झालेली असते.

१८५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी. ६५ हे मिलिमीटर नव्हेत, ती टक्केवारी आहे: टायरच्या कडेची उंची रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे सुमारे १२० मिलिमीटर. १५ हा रिमचा, म्हणजे टायर ज्यावर चढतो त्या धातूच्या चाकाचा, इंचांमधील व्यास. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच अशी तीन मापे नांदतात, हे विचित्र असले तरी आता जगभर रूढ आहे. रिमचे १५ इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर आणि त्यात वरची व खालची कड मिळवली की संपूर्ण चाकाचा व्यास ६२१.५ मिलिमीटर येतो. गाडीचा वेगमापक, किलोमीटर मोजणारा आकडा, गिअरची गुणोत्तरे आणि एबीएसची, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाके अडकू न देणाऱ्या यंत्रणेची, गणिते ही सर्व या व्यासावर बेतलेली असतात.

म्हणून चाक मोठे करण्याची योग्य रीत अशी, की रिम वाढवायची आणि टायरची कड तेवढीच कमी करायची. १९५/५५ आर १६ हा टायर घेतला तर रिमचे ४०६.४ आणि दोन कडांचे २१४.५ मिळून ६२०.९ मिलिमीटर होतात, म्हणजे मूळ व्यासाशी फरक पाऊण मिलिमीटरहूनही कमी. निर्माते स्वतः हेच करतात. मारुती स्विफ्टच्या मागील पिढीत खालच्या प्रकारांना १६५/८० आर १४ आणि वरच्या प्रकारांना १८५/६५ आर १५ असे टायर होते. रिममध्ये एका इंचाचा फरक असूनही दोन्ही चाकांच्या एकूण व्यासात दोन मिलिमीटरचेही अंतर नाही.

आता दुकानात ‘भरलेला दिसतो’ म्हणून सुचवला जाणारा २०५/६० आर १६ घेऊन पाहू. त्याचा व्यास ६५२.४ मिलिमीटर भरतो, म्हणजे मूळ चाकापेक्षा जवळजवळ ५ टक्के जास्त. अचूक असलेला वेगमापक आता १०० दाखवील तेव्हा गाडी प्रत्यक्षात १०५ ने धावत असेल आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरचा कॅमेरा हिशेब चाकाचा नव्हे, गाडीचा ठेवतो. वेगमापकाने प्रत्यक्षापेक्षा कमी वेग कधीही दाखवू नये, जास्त दाखवला तर काही मर्यादेपर्यंत चालेल, असे संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांतील ३९ वा नियम सांगतो. मोठ्या व्यासाचे चाक नेमके याच्या उलट दिशेला नेते. शिवाय प्रत्येक गिअर लांब होतो आणि घाट चढताना पूर्वी तिसऱ्यात निघणारी गाडी दुसरा मागू लागते.

व्यास जुळला म्हणजे सगळे जुळले असे मात्र नाही. टायरवरचा ८८ हा भारांक असून त्याचा अर्थ एका टायरने ५६० किलो भार पेलावा असा आहे. त्यापुढचे ‘एच’ हे ताशी २१० किलोमीटरपर्यंतच्या वेगाचे चिन्ह. १९५/५५ आर १६ मध्ये सर्रास मिळणारा भारांक ८७ आहे, म्हणजे ५४५ किलो. टायर रुंद झाला, महाग झाला आणि तरीही त्याची भार पेलण्याची शक्ती १५ किलोंनी घटली, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते. कारण साधे आहे: भार मुख्यतः रबर पेलत नाही, आत कोंडलेली हवा पेलते आणि कड आखूड झाली की त्या हवेला जागा कमी उरते. अशा वेळी त्याच मापातला, अधिक दाब सहन करणारा ‘एक्स्ट्रा लोड’ प्रकारचा ९१ भारांकाचा टायर शोधावा. मूळ भारांकाच्या खाली जाऊ नये, हा नियम मी इतर सर्व नियमांच्या वर ठेवीन.

मग येतो ऑफसेट. रिमच्या मागच्या बाजूला ‘ईटी ४५’ असे काहीतरी कोरलेले असते. ‘आइनप्रेसटीफे’ या लांबलचक जर्मन शब्दाचे ते लघुरूप. चाकाचा जो पृष्ठभाग हबला, म्हणजे गाडीच्या ज्या भागावर चाक बसते त्याला, टेकतो तो रिमच्या मध्यरेषेपासून किती मिलिमीटर बाहेर आहे, हे हा आकडा सांगतो. आता ५.५ इंच रुंद, ईटी ४५ असलेली रिम काढून ६.५ इंच रुंद, ईटी ३५ असलेली बसवली असे समजा. एक इंच रुंदी दोन्हीकडे १२.७ मिलिमीटर अशी वाटली जाते, त्यात ऑफसेटचे १० मिळतात आणि बाहेरची कड पूर्वीपेक्षा २२.७ मिलिमीटर बाहेर येते. चाक मडगार्डच्या बाहेर डोकावू लागते, चिखल दारांवर उडतो आणि व्हील बेअरिंगवर पडणाऱ्या भाराचा तरफेसारखा हात लांबतो. पुढच्या एका चाकाने दुसऱ्यापेक्षा जास्त ब्रेक धरला, तर स्टिअरिंगला बसणारा हिसकाही बदलतो.

एका दुकानात कारागिराने टायर आणि मडगार्डच्या आतील अस्तर यांच्यामध्ये दोन बोटे घालून दाखवली आणि ‘बसतंय, साहेब’ असा निर्वाळा दिला. गाडी रिकामी होती आणि चाके सरळ होती. स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवून मागे तिघे बसवले आणि समोर गतिरोधक आला, तर त्या दोन बोटांचे काय उरते, हा खरा प्रश्न आहे.

रिम किती मजबूत हे रंगावरून कळत नाही. बहुतेक अलॉय रिम ॲल्युमिनियममध्ये सुमारे ७ टक्के सिलिकॉन आणि किंचित मॅग्नेशियम मिसळून ओतलेल्या असतात. पोलादी रिम खड्ड्यात आदळली की वाकते आणि ठोकून सरळ करता येते. ओतीव अलॉय मात्र एका मर्यादेपुढे तडकते. आयएसओ ७१४१ या मानकातली आघात चाचणी मोठी बोलकी आहे. टायर चढवलेले चाक १३ अंशांनी तिरके बसवून त्याच्या कडेवर २३० मिलिमीटर उंचीवरून एक वजन सोडतात. ते वजन चाकाच्या कमाल भाराच्या ०.६ पट अधिक १८० किलो असते. ४५० किलो भाराच्या चाकासाठी हे गणित बरोबर ४५० किलोच येते. त्यानंतर मध्यभागात आरपार तडा नको आणि एका मिनिटात सगळी हवा निघून जाता कामा नये. भारतात हलक्या मिश्रधातूंच्या रिमसाठी एआयएस ०७३ हे मानक आहे. नामवंत आकृतीची हुबेहूब नक्कल, पण कोणत्याही मानकाची खूण किंवा भाराचा आकडा नसलेली रिम स्वस्त का आहे, याचे उत्तर त्या न झालेल्या चाचण्यांमध्ये आहे.

वजनाचेही पाहावे. परिघाजवळचे वस्तुमान पुढे तर जातेच, शिवाय फिरतेही, त्यामुळे गाडीला वेग देताना ते जवळजवळ दुप्पट मोजावे लागते. ‘अलॉय म्हणजे हलके’ हे त्याच मापाच्या तुलनेत बहुधा खरे. एक-दोन इंच मोठे, जाड ओतीव अलॉय मूळ पोलादी चाकापेक्षा जड असू शकते. दुकानात वजनकाटा मागण्यास संकोच करू नये.

आता कायदा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील आणि निर्मात्याने मूळात ठरवलेले तपशील यांत तफावत पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळातील एका प्रकरणात उच्च न्यायालयाचा सैल अर्थ रद्द करून ही मर्यादा ठामपणे सांगितली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. कलम ५२ च्या स्पष्टीकरणात ‘बदल’ म्हणजे वाहनाच्या मूलभूत वैशिष्ट्यात फरक पाडणारा रचनेतील बदल, असे म्हटले आहे आणि चाकांबाबतचा सगळा वाद या वाक्यात भरलेला आहे. खासगी गाडीच्या आरसीवर टायरचे माप छापलेले नसते, यावर विसंबून ‘मग कोण विचारतो’ म्हणणारे बरेच भेटतात. पण गाडीचे प्रतिरूप बाजारात येण्याआधी तपासून मंजूर होते आणि त्या मंजुरीत टायरची मापेही असतात. पुणेकर ज्या टेकडीवर सकाळी फिरायला जातात, तिला एआरएआय टेकडी म्हणतात ती अशाच चाचण्या करणाऱ्या, १९६६ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेमुळे. तेव्हा त्याच मॉडेलच्या कोणत्याही प्रकारासाठी निर्मात्याने दिलेले माप हे सर्वांत सुरक्षित वर्तुळ होय. व्यास तोच ठेवून मडगार्डच्या आत राहणारे एक इंची वाढीचे चाक समर्थनीय ठरू शकते. बाहेर आलेल्या चाकांचे आणि उंचावलेल्या गाडीचे समर्थन करणे कठीण आहे.

विम्याचा प्रश्न निराळ्या बाजूने येतो. पॉलिसीतील गाडीची किंमत, म्हणजे आयडीव्ही, निर्मात्याच्या यादीतील किमतीवरून ठरते आणि तुम्ही बाहेरून बसवलेली चाके त्या यादीत नसतात. ती ‘बिगर-विद्युत उपसाधने’ या रकान्यात किमतीसह स्वतंत्र नोंदवावी लागतात. ४०,००० रुपयांच्या चाकांचे मूल्य दुसऱ्या वर्षी २० टक्के घसारा धरून ३२,००० होईल. टायरचे नियम अधिक कडक: गाडीला त्याच वेळी दुसरे नुकसान झाले नसेल तर नुसत्या फुटलेल्या टायरचे काही मिळत नाही आणि झाले असेल तर नव्याच्या किमतीच्या निम्मेच मिळतात. माझ्या एका परिचिताची १७ इंची रिम पावसाळ्यात खड्ड्याने तडकली आणि गाडी डिव्हायडरला घासली. सर्व्हेअरने, म्हणजे विम्यासाठी नुकसान तपासणाऱ्याने, आधी टायरचे माप टिपले, मग पॉलिसीचा तो रकाना उघडला. रकाना कोरा होता. पत्र्याचे पैसे मिळाले, चाकांचे नाही. हे सौम्य प्रकरण म्हणायचे, कारण अपघाताचे मूळच न कळवलेल्या बदलात आहे असे दिसले तर संपूर्ण स्वनुकसानीचा दावा अडकू शकतो. तृतीय पक्षाच्या भरपाईत विमा कंपनीच्या बचावाला कायद्याने मर्यादा आहेत, पण तो दिलासा समोरच्यासाठी आहे.

म्हणून चाके बसवण्याच्या आधी विमा कंपनीला ईमेल करावा. त्यात माप, भारांक, ऑफसेट आणि किंमत लिहावी आणि पॉलिसीवर दुरुस्तीची नोंद, म्हणजे एंडोर्समेंट, हाती पडेपर्यंत थांबावे. फोनवरचे ‘हो, चालेल’ सर्व्हेअरला दाखवता येत नाही. जीएसटीचे बिल आणि रिमवरच्या खुणांची छायाचित्रे जपून ठेवावीत. नट गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कनेच, म्हणजे तेवढ्याच पिळाच्या जोराने, आवळावेत आणि शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत. अलॉयचे नट आणि पोलादी रिमचे नट यांची बैठक वेगळी असू शकते, त्यामुळे डिकीतल्या जुन्या स्टेपनीसोबत तिचे जुने नटही एका पिशवीत ठेवावेत. उरलेल्या मूळ रिम भंगारात देऊ नयेत. पंधरा वर्षांनी नोंदणीच्या नूतनीकरणासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते, त्या दिवशी त्या माळ्यावरून उतरवता आल्या पाहिजेत.