जुन्या स्पोर्ट्स कारची चाके : निवड आणि बसवणूक

जुन्या स्पोर्ट्स कारच्या मूळ रिमा काढून बाजारातल्या दुसऱ्या रिमा लावणे, आणि त्या हबवर (चाक ज्यावर कसतात त्या गाडीच्या भागावर), ब्रेकभोवती व मडगार्डच्या कमानीत न घासता बसतील अशा मापाने निवडणे. बोलताना या सगळ्याला ‘अलॉय टाकणे’ म्हणतात. दुकानात चर्चा बहुतेक डिझाइन आणि रंगाची होते. काम साधते की फसते हे मात्र पीसीडी, मधले भोक, ऑफसेट, टायरचा व्यास आणि नटाची बैठक यांवर ठरते; या शब्दांचे अर्थ पुढे येतात. गाडी पंचवीस-तीस वर्षांची असेल तर त्यात आणखी एक अडचण येते : कारखान्याच्या पुस्तकातले माप आणि समोर उभ्या गाडीचे माप एकच असेल याची खात्री नसते.

नागपुरात परदेशी जुन्या स्पोर्ट्स कार मोजक्याच. इथे या कामासाठी येणाऱ्या गाड्या म्हणजे गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म, जुनी होंडा सिटी व्हीटेक, फियाट पालिओ १.६ अशा. काटेकोर व्याख्येत यांतली फक्त पहिलीच स्पोर्ट्स कार, पण बाकीच्या चालवणाऱ्यांसमोर हा मुद्दा काढू नये. मापांचे तर्क सगळ्यांना सारखेच लागू पडतात. या नोंदीतला हिशेब माझदा एमएक्स-५ च्या पहिल्या पिढीचा (१९८९) घेतला आहे, कारण तिची मूळ मापे सर्वज्ञात आहेत.

स्पोर्ट्स कारला हलके धातूचे चाक लावण्याची चाल जुनी आहे. बुगाती टाइप ३५ (१९२४) या रेसिंग गाडीची ओतीव ॲल्युमिनियमची चाके ब्रेक ड्रमसकट एकसंध होती. साठच्या दशकात ब्रिटनमध्ये मिनीलाइटची मॅग्नेशियम चाके आली, तर १९६६ मध्ये पोर्शे ९११ एसवर फुक्सचे पाच पाकळ्यांचे घडीव चाक आले. १९७० मध्ये जर्मनीत बीबीएस सुरू झाली. आज बाजारात दिसणाऱ्या बऱ्याचशा ‘रेट्रो’ डिझाइनचा वंश या तीन घराण्यांशी जुळतो. नक्कल आकारापुरतीच असते. घडीव चाकाची ताकद आणि हलकेपणा स्वस्त ओतीव चाकात येत नाही, आणि कित्येकदा नवे अलॉय जुन्या लोखंडी रिमेपेक्षा वजनदार भरते. म्हणून घेण्याआधी रिम काट्यावर ठेवून बघावी. स्प्रिंगच्या खालचे वजन वाढले की हलक्या गाडीची चपळाई जाते, आणि ती तर मुळात त्या चपळाईसाठीच घेतलेली असते.

पीसीडी आणि मधले भोक

पीसीडी म्हणजे बोल्टांच्या केंद्रांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास. चार भोकांच्या रिमेत तो समोरासमोरच्या दोन भोकांच्या केंद्रांमधल्या अंतराइतका असतो. पाच भोकांत समोरासमोर भोकेच नसतात, म्हणून शेजारच्या दोन भोकांच्या केंद्रांतले अंतर मोजून त्याला १.७०१ ने गुणतात. जुन्या पोर्शेवर हे अंतर ७६.४ मिमी भरते, म्हणजे पीसीडी १३०. एमएक्स-५ आणि सिटीचा पीसीडी ४ × १००, मारुती ८०० चा ४ × ११४.३ आणि पालिओचा ४ × ९८ आहे.

खरा घोटाळा या ९८ वर होतो. बाजारात १०० च्या रिमांचा सुकाळ आहे आणि फरक फक्त २ मिमीचा, म्हणजे प्रत्येक बोल्टामागे १ मिमीचा. रिम हबवर चढते. पहिला बोल्ट कसला की ती एका अंगाला सरकते, आणि उरलेले बोल्ट तिरके जाऊन रिमेच्या भोकातल्या शंकूच्या (निमुळत्या बैठकीच्या) एकाच काठावर टेकतात. पान्याला सगळे घट्ट लागतात, म्हणून कुणाला शंका येत नाही. मग ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरते. मालक दोनदा बॅलन्सिंग करून घेतो, अलाइनमेंटचेही पैसे भरतो, थरथर मात्र जात नाही. पुढे बोल्टाचे आटे झिजतात, बोल्ट सैल होतो, क्वचित तुटतोही. यावर सरकत्या शंकूचे बोल्ट मिळतात; पण ९८ ची रिम शोधणे किंवा बिनभोकाची रिम घेऊन तिला मापाने भोके पाडून घेणे जास्त भरवशाचे. असलेली भोके गोल कानसने रुंद करून देणाऱ्याच्या दारात उभेच राहू नये.

सर्रास मिळणाऱ्या आठ भोकांच्या रिमेत १०० आणि ११४.३ दोन्ही पीसीडी असतात, आणि मधले भोक बहुधा ७३.१ मिमीचे ठेवलेले असते, म्हणजे कुठल्याही गाडीवर चढावे. एमएक्स-५ च्या हबची नळी ५४.१ मिमीची, सिटीची ५६.१ ची, पालिओची ५८.१ ची. उरलेली पोकळी रिंगने भरावी लागते. रिंग गाडीचे वजन पेलण्यासाठी नसते. रिम नेमकी मध्यावर बसावी, एवढेच तिचे काम. प्लॅस्टिकची रिंग रोजच्या वापराला चालते, पण तापलेल्या ब्रेकजवळ ती मऊ पडते. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. त्यामुळे ॲल्युमिनियमची रिंग घेणे बरे. तयार मापाची मिळाली नाही तर हिंगणा एमआयडीसीतला चांगला टर्नर लेथवर काढून देतो. त्याच्याकडे जाताना दुकानदाराने सांगितलेला आकडा नेऊ नये. हब आणि रिम व्हर्निअरने स्वतः मोजून न्यावे.

ऑफसेट

रिमेच्या रुंदीचा मध्य आणि हबला टेकणारा पृष्ठभाग यांतले अंतर म्हणजे ऑफसेट. रिमेवर ते ‘ईटी’ या अक्षरांपुढे मिमीमध्ये कोरलेले असते. आकडा जितका कमी, तितके चाक बाहेर येते.

एमएक्स-५ ची मूळ रिम १४ इंच व्यासाची, ५.५ इंच रुंद, ईटी ४५. तिच्या जागी १५ इंची, ७ इंच रुंद, ईटी ३५ ची रिम घ्यायची आहे असे समजू. रुंदी दीड इंचाने वाढली, म्हणजे दोन्ही बाजूंना १९ मिमी. त्यात ऑफसेट १० मिमीने घटला. म्हणून बाहेरची कड १९ + १० = २९ मिमी बाहेर येईल आणि आतली कड १९ − १० = ९ मिमी आत जाईल. आता गाडीखाली जाऊन बघायचे : शॉकॲब्झॉर्बर, ब्रेकचा पाइप आणि स्टिअरिंगचा दांडा यांपासून आत ९ मिमी जागा आहे का, आणि कमानीच्या कडेपासून बाहेर २९ मिमी आहे का. हा हिशेब पोस्टकार्डावर मावतो. तो न करता ‘बसून जाईल’ या शब्दावर रिमा घेतल्या तर पुढे स्पेसर, म्हणजे हब आणि रिम यांमध्ये घालायची चकती, घ्यावा लागतो.

पातळ स्पेसर सरसकट वाईट नाही, पण त्याने बोल्टाचा आत शिरणारा भाग कमी होतो. १२ मिमी जाडीच्या, १.५ मिमी पिचच्या बोल्टावर नट किमान आठ फेरे फिरला पाहिजे. तेवढे फेरे मिळत नसतील तर लांब बोल्ट घालावेत, नाहीतर स्पेसर काढावा. ऑफसेट फार बदलला की बेअरिंगवरचा भार वाढतो आणि खड्ड्यात स्टिअरिंग हातातून ओढले जाते. पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाडीत ही ओढ लगेच जाणवते.

टायरचा व्यास, रस्ता आणि ऊन

मूळ १८५/६० आर १४ टायरची उभी भिंत १११ मिमी आणि पूर्ण व्यास ५७८ मिमी. १९५/५० आर १५ चा व्यास ५७६, म्हणजे स्पीडोमीटरला फरक कळतही नाही. भिंत मात्र ९७ वर येते. २०५/४० आर १७ घेतला तर व्यास ५९६ होतो आणि भिंत ८२ उरते. नागपुरातले बहुतेक मोठे रस्ते सिमेंटचे आहेत. लांबून गुळगुळीत दिसतात, पण सांधे, पेव्हर ब्लॉकच्या कडा आणि गल्लीतले घरगुती गतिरोधक यांचा मार त्या भिंतीलाच झेलावा लागतो. भिंत पातळ असली की तोच मार रिमेला लागतो. या शहरात जुन्या हलक्या गाडीला १५ इंचांपुढे नेणे म्हणजे फोटोसाठी गाडी बिघडवणे, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

टायरवरचा ८२ हा भारांक एका चाकावर ४७५ किलोपर्यंतचा भार सांगतो आणि ‘एच’ हे वेगाक्षर ताशी २१० किमीची मर्यादा. नवा टायर या दोन्हींत मूळ टायरपेक्षा कमी नसावा. नागपूरजवळच्या शिवमडक्याहून समृद्धी महामार्गावर चढल्यावर ताशी १२० ची मुभा आहे, आणि तापलेल्या काँक्रीटवर तासन्‌तास तोच वेग राहिला की कमी हवेचा टायर आतून भाजतो. हवा पहाटे, गाडी गार असताना भरावी. तापमान १० अंशांनी चढले की दाब एक-दीड पीएसआयने वाढतो. दुपारी तो पाहून हवा सोडू नये. भिंतीवर कोरलेल्या शेवटच्या चार आकड्यांत बनल्याचा आठवडा आणि वर्ष असते : २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. क्वचित चालणाऱ्या गाडीच्या टायरची नक्षी शाबूत राहते आणि रबर मात्र मरते, म्हणून हे आकडे वाचणे जास्त गरजेचे.

गाडीवर घालून पाहणे

स्थानिक तक्रार ठरलेली : ‘वळवलं का घासून राह्यलं’. पूर्ण वळवल्यावर घासत असेल तर टायर आतल्या पत्र्याला किंवा दांड्याला लागतो, म्हणजे दोष बहुधा रुंदीचा किंवा जास्त ऑफसेटचा. मागे दोघे बसल्यावर गतिरोधकावर घासत असेल तर टायर कमानीच्या कडेला लागतो, म्हणजे चाक बाहेर आले आहे किंवा स्प्रिंग बसली आहे. जुन्या गाडीत आधी स्प्रिंगचाच संशय घ्यावा. चारही हबच्या केंद्रापासून कमानीच्या कडेपर्यंतची उभी अंतरे मोजली की पडलेली बाजू कळते. बुश, बॉल जॉइंट आणि स्प्रिंग नीट करून मगच रिमांचे माप घ्यावे. नाहीतर झिजलेल्या गाडीला बसलेली रिम दुरुस्त गाडीला बसत नाही.

चारही टायर चढवण्याआधी एकच रिम पुढच्या हबवर लावून ती ब्रेकच्या कॅलिपरला लागते का ते फिरवून पाहावे. रिमेच्या आत चिकटवलेली बॅलन्सिंगची वजने कॅलिपरला तासली जातात, त्यांच्यासाठी ३ मिमी तरी मोकळे हवेत. शंका असलेल्या जागी कणकेचा गोळा चिकटवून गाडी पूर्ण वळवली की दाबलेल्या कणकेची जाडी मोजता येते. पक्की खात्री हवी असेल तर स्प्रिंग काढून जॅकने हब शेवटपर्यंत वर घ्यावा.

कमानीची आतली कड वाकवून जागा करून देणारे डेंटर शहरात आहेत. जुन्या गाडीत त्या कडेमागे पुट्टी असते. पत्रा न तापवता वाकवला की रंगासकट ती तडकते, आणि पुढच्या पावसाळ्यात तिथे गंज धरतो.

वापरलेल्या रिमा घेताना बॅलन्सिंगच्या यंत्रावर फिरवून आतली कड पाहावी. वाकलेली रिम तापवून ठोकून सरळ करून मिळते, पण पाकळीच्या मुळाशी तडा असेल किंवा वेल्डिंग दिसले तर ती भंगारात घालावी. नव्या रिमेवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह किंवा जपानच्या अलॉय चाकांच्या मानकाचे जेडब्ल्यूएल हे चिन्ह शोधावे.

कायद्याच्या बाजूने पाहता टायरची नक्षी १.६ मिमीपेक्षा कमी नसावी. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी नूतनीकरणाला जाते, तेव्हा आरटीओत गाडी दाखवावी लागते. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदलाला मनाई करते. पत्र्याबाहेर आलेली चाके अशा वेळी पहिल्यांदा नजरेत भरतात.

नटांची बैठक, म्हणजे नट रिमेला टेकतो तो भाग, मुख्यतः दोन प्रकारची असते : ६० अंशांचा शंकू किंवा गोलाकार. होंडाचे मूळ नट गोलाकार, बाजारातल्या रिमा बहुतेक शंकूच्या. गोल नट शंकूत घातला तर तो एका रेषेवर टेकतो आणि सैल होतो. नट क्रॉसमध्ये (समोरासमोरचे आळीपाळीने), टॉर्क पान्याने, गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याप्रमाणे कसावेत. बैठकीला ग्रीस लावू नये, आणि शंभर किलोमीटरच्या आत पुन्हा एकदा तपासावे. अलॉयसोबत नवे नट घेतले तरी जुने फेकू नयेत. स्टेपनी लोखंडी मूळ रिमेवरच राहते, आणि तिला ते जुनेच नट लागतात. डिकीत चार नटांची पिशवी नसेल, तर पंक्चर झाल्यावर स्टेपनी असूनही गाडी रस्त्यावरच उभी राहते.