आपल्या खासदारांची नोंद कशी काढायची: मतदान, समित्या, मालमत्ता आणि हितसंबंध

निवडणूक जवळ आली की खासदारांची प्रगतिपुस्तकं मोबाइलवर फिरू लागतात. हजेरी इतके टक्के, प्रश्न इतके, भाषणं इतकी. आकडे बहुधा बरोबर असतात, पण त्यावरून फारसं काही कळत नाही. महत्त्वाच्या विधेयकावर त्यांनी मत कुणीकडे दिलं, ते कोणत्या समितीवर आहेत, कोणत्या धंद्याशी त्यांचा पैशाचा संबंध आहे, हे पाहायचं तर मूळ कागद उघडावे लागतात. बरेचसे कागद घरबसल्या फुकट मिळतात. उरलेल्यांसाठी माहिती अधिकारात अर्ज करायचा.

कोण मागू शकतं, काय लागतं

संकेतस्थळावरची माहिती पाहायला कुठलीच अट नाही. माहिती अधिकाराचा अर्ज मात्र फक्त भारतीय नागरिक करू शकतो. त्या मतदारसंघाचं मतदार असायची गरज नाही आणि माहिती कशाला हवी हेही सांगावं लागत नाही. कायद्याच्या कलम ६(२) मध्ये तसं स्पष्ट लिहिलं आहे. परदेशात राहणाऱ्यांकडे भारतीय पासपोर्ट असेल तर त्यांनाही अर्ज करता येतो, पण परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या ओसीआय कार्डधारकांना येत नाही. कागद म्हणाल तर सही केलेला अर्ज आणि १० रुपये शुल्क, एवढंच. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराने दाखल्याची प्रत जोडली की शुल्क माफ.

सुरुवात प्रतिज्ञापत्रापासून करा

प्रत्येक उमेदवार अर्जासोबत नमुना २६ मध्ये प्रतिज्ञापत्र देतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे ही माहिती मिळण्याचा हक्क मतदाराला मिळाला. निवडणूक आयोगाच्या प्रतिज्ञापत्र पोर्टलवर निवडणूक, राज्य आणि मतदारसंघ निवडला की स्कॅन केलेली प्रत उतरवून घेता येते.

हे प्रतिज्ञापत्र सावकाश वाचा. उमेदवाराचे, जोडीदाराचे आणि अवलंबून असलेल्यांचे रकाने वेगवेगळे असतात. गेल्या पाच वर्षांच्या आयकर विवरणपत्रातलं उत्पन्न, प्रलंबित खटले, रोख रक्कम, ठेवी, शेअर्स, वाहनं, दागिने, कर्जं, उत्पन्नाचा स्रोत, सरकारी कंत्राटं हे सगळं त्यात असतं. मला सर्वांत मोलाचा वाटतो तो स्थावर मालमत्तेचा तक्ता. शेतजमिनीपुढे गाव आणि सर्व्हे किंवा गट क्रमांक लिहिलेला असतो. तो क्रमांक घेऊन महाभूलेख या राज्याच्या जमीन नोंदींच्या संकेतस्थळावर जा आणि सातबारा उघडा. क्षेत्र जुळतं का, इतर हक्कांच्या रकान्यात बँकेचा बोजा आहे का आणि तो प्रतिज्ञापत्राच्या कर्जाच्या बाजूला दिसतो का, हे लगेच तपासता येतं. फरक दिसला तर थेट आरोप करू नका. आधी फेरफार नोंदी पाहा, कारण वाटणी किंवा वारसनोंद मधल्या काळात झालेली असू शकते.

जाणूनबुजून खोटी माहिती देणं किंवा माहिती दडवणं हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५अ खाली गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. निवडणुकीलाच आव्हान द्यायचं असेल तर निकालापासून ४५ दिवसांत उच्च न्यायालयात याचिका करावी लागते, आणि ती त्या निवडणुकीतला उमेदवार किंवा मतदारच करू शकतो.

मतदानाची नोंद

इथे बहुतेकांची निराशा होते, कारण आपल्या संसदेत बहुतांश निर्णय आवाजी मतदानाने होतात. 'होय'चा आवाज मोठा, ठराव मंजूर. कोण काय म्हणालं याची नावानिशी नोंद राहत नाही. २० सप्टेंबर २०२० ला राज्यसभेने कृषी विधेयकं अशीच मंजूर केली. विरोधक मतविभाजन, म्हणजे नावानिशी मतमोजणी, मागत होते, ती झाली नाही. त्यामुळे त्या दिवशी कोणत्या सदस्याने काय मत दिलं याची अधिकृत यादी आज कुठेही सापडणार नाही. मला ही आपल्या संसदीय व्यवस्थेतली गंभीर उणीव वाटते.

मतविभाजन झालं तरच नावं मिळतात. घटनादुरुस्तीला ते करावंच लागतं. २० सप्टेंबर २०२३ ला महिला आरक्षण विधेयकाच्या बाजूने लोकसभेत ४५४ मतं पडली आणि विरोधात २. त्या दोघांपैकी एक होते तेव्हाचे औरंगाबादचे खासदार इम्तियाज जलील. वक्फ दुरुस्ती विधेयकावर लोकसभेत एप्रिल २०२५ मध्ये २८८ विरुद्ध २३२ असं मतदान झालं. अशी यादी शोधायची तर संसदेच्या संकेतस्थळावर त्या तारखेच्या कामकाजाचा वृत्तांत उघडा. मतविभाजनाखाली 'होय' आणि 'नाही' अशा दोन याद्या असतात.

याद्यांखालची टीप जरूर वाचा. यंत्रात मत न उमटलेले किंवा चुकीचं बटण दाबलेले सदस्य चिठ्ठीने मत नोंदवतात आणि त्यांची नावं टिपेत येतात. म्हणूनच सभागृहात निकाल सांगताना अध्यक्ष 'दुरुस्तीच्या अधीन' असं म्हणतात. टीप न वाचता 'आमचे खासदार गैरहजर होते' असं लिहून मोकळे होणारे लोक मी पाहिलेत. शिवाय पक्षाने व्हिप, म्हणजे कसं मत द्यायचं याचा आदेश, काढला असेल तर राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टामुळे (पक्षांतरबंदी) सदस्याला विरोधात मत देणं खासदारकी घालवण्यासारखं असतं. त्यामुळे ते मत पक्षाचं म्हणूनच वाचा.

पदं आणि समित्या

संसदेच्या संकेतस्थळावर सदस्याच्या पानावर समित्या, प्रश्न, चर्चा आणि खासगी विधेयकं मिळतात. विभागांशी संबंधित २४ स्थायी समित्या आहेत. प्रत्येकीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० सदस्य असतात. समितीच्या अहवालाला जोडलेल्या बैठकीच्या इतिवृत्तात कोण हजर होतं ते नावानिशी असतं, आणि कामाचा अंदाज तिथे जास्त खरा येतो. मंत्री प्रश्न विचारत नाहीत, हजेरीपटावर सहीही करत नाहीत. त्यांचे शून्य आकडे पाहून निष्कर्ष काढू नयेत.

हितसंबंध

राज्यसभेत नियम २९३ प्रमाणे सदस्यांच्या हितसंबंधांची नोंदवही असते. त्यात पाच गोष्टी सांगाव्या लागतात: मानधन मिळणारं संचालकपद, नियमित मोबदल्याचं काम, नियंत्रण ठेवण्याइतके शेअर्स, सल्लागारीचे पैसे आणि व्यावसायिक काम. लोकसभेच्या नियमांत अशी नोंदवही नाही. तिथे नियम ३७१ खाली एखाद्याच्या मताला वैयक्तिक आर्थिक हितसंबंधाच्या कारणावरून हरकत घेता येते, इतकंच. लोकसभा खासदाराचे धंदे पाहायचे तर प्रतिज्ञापत्र आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवरची संचालकांची माहिती यांवर भिस्त ठेवावी लागते.

निवडून आल्यावर दोन्ही सभागृहांच्या सदस्यांनी शपथ घेतल्यापासून ९० दिवसांत मालमत्ता आणि देणी सभापती किंवा अध्यक्षांकडे जाहीर करायची असतात. २००४ च्या नियमांनुसार ही माहिती बाहेरच्या व्यक्तीला देण्यासाठी सभापती किंवा अध्यक्षांची लेखी परवानगी लागते.

माहिती अधिकाराचा अर्ज

लोकसभा खासदारासाठी लोकसभा सचिवालयाच्या, राज्यसभेसाठी राज्यसभा सचिवालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे अर्ज लिहा. राज्य सरकारच्या कार्यालयात आपण १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवतो, तो इथे चालत नाही. पोस्टल ऑर्डर लावा आणि ती कोणाच्या नावे काढायची ते सचिवालयाच्या माहिती अधिकार पानावर आधी पाहा. मराठीत अर्ज करायचा हक्क कायद्याने दिलेला आहे. हिंदी किंवा इंग्रजी प्रत सोबत दिली तर भाषांतरात वेळ जात नाही.

'सर्व माहिती द्यावी' असं लिहू नका. असं लिहा: 'राज्यसभा सदस्य श्री. अमुक यांनी नियम २९३ खाली सादर केलेल्या आणि नंतर बदल कळवलेल्या सर्व विवरणांच्या प्रती द्याव्यात.' कागदाचं नाव आणि नियमाचा क्रमांक दिला की टाळाटाळीला जागा कमी राहते. प्रतींसाठी पानाला २ रुपये पडतात.

उत्तराची मुदत ३० दिवस. नकार देताना संसदेच्या विशेषाधिकाराचं कलम ८(१)(ग) किंवा वैयक्तिक माहितीचं कलम ८(१)(ञ) पुढे केलं जाऊ शकतं. नकार आला किंवा काहीच आलं नाही तर ३० दिवसांत त्याच सचिवालयातल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे जा. तिथेही समाधान झालं नाही तर ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे द्वितीय अपील करा. राज्य आयोगाकडे पाठवलं तर ते चुकीच्या दारात जाईल. केंद्राच्या नियमांत दोन्ही अपिलांना शुल्क नाही.