पंचा, पेठा आणि सामाईक ताणा

हातमाग शिकणारी मंडळी एकत्र आली की सुरुवातीला विणतात ते बहुतेक वेळा भांडी पुसायचं फडकं, म्हणजे किचन टॉवेल. पुण्यातल्या हौशी विणकरांचंही तसंच आहे. त्याचं कारण ताण्यात, म्हणजे मागावर ओढलेल्या उभ्या धाग्यांत आहे. ५० सेंटिमीटर पन्हा (कापडाची रुंदी) आणि सेंटिमीटरला ८ धागे धरले, तरी ४०० उभे धागे लागतात. त्यातला प्रत्येक धागा हाताने ओवून फणीतून, म्हणजे धागे सारख्या अंतरावर ठेवणाऱ्या चौकटीतून काढावा लागतो. शिवाय कापड कितीही लहान असो, ताण्याचं शेवटचं टोक विणता येत नाही, ते वायाच जातं. म्हणून एकच लांब ताणा लावायचा आणि पाच-सहा जणांनी त्यावर आपापल्या बाण्याने, म्हणजे आडव्या धाग्याने एकेक टॉवेल विणायचा. पाश्चात्त्य देशांतल्या विणकर मंडळांत ही रीत चांगलीच रुळलेली आहे. तिकडे चिनी मातीच्या नाजूक कपबश्या पुसायला लिननची फडकी वापरत, कारण लिननचे तंतू भांड्याला चिकटत नाहीत. आपल्याकडे पुसण्याची सगळी कामं सुती पंचानेच केली.

पुण्याला माग मात्र जुनाच. पेशवाईत शहर वाढलं आणि विणकर घराणी पूर्वेकडच्या पेठांत स्थिरावली. साळी होते, कोष्टी होते, मोमीन होते. मोमीनपुऱ्याचं नाव अजून टिकून आहे. तेलंगणातून पद्मशाली आले. लुगडी आणि पागोटी विणली जात. मागावर एकजण बसे, पण राबे सगळं घर: सूत उकलणं, कांड्या (आडव्या धाग्याच्या गुंडाळ्या) भरणं, ताण्याला खळ (कांजी) देणं. आज गट जे काम वाटून घेतो ते तेव्हा घरात वाटलेलं असे, आणि त्यातलं बायकांचं काम मोजलंच जात नसे.

विलायती सुताने कातणारे हात रिकामे केले आणि विलायती कापडाने विणकराचं गिऱ्हाईक नेलं. याला पुण्यातून फार लवकर उत्तर मिळालं. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांनी १८७२ मध्ये खादी वापरण्याची शपथ घेतली आणि १८७७ च्या दिल्ली दरबाराला ते खादी घालूनच गेले. गांधीजी तेव्हा आठ वर्षांचेही नव्हते, हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं. ऑक्टोबर १९०५ मध्ये पुण्यात परदेशी कपड्यांची होळी झाली. पेटीत मावणाऱ्या घडीच्या चरख्याला तर येरवड्याच्या तुरुंगाचंच नाव मिळालं. हौशी कातणारे आजही तो वापरतात.

स्वातंत्र्यानंतर खरी झुंज यंत्रमागाशी झाली. १९८५ च्या कायद्याने २२ प्रकारची वस्त्रं हातमागासाठी राखून ठेवली. पुढे ती ११ वर आली, पण टॉवेल आणि पंचासारखी वस्त्रं यादीत राहिली. अंमलबजावणी ढिली पडली. साधा पंचा हे सगळ्यात स्वस्त कापड, त्यामुळे यंत्रमागासमोर तोच आधी हरला. हातमागावरच्या पंचाला लागणारे तास किमतीत कधी भरूनच निघत नव्हते.

हौशी गटाला ते तास परवडतात, कारण पोट त्यावर चालत नाही. म्हणून मला वाटतं, या गटांनी ताणा लावायला शिकताना जुन्या विणकर घरांतल्या माणसांना गुरू म्हणून बोलवावं आणि त्यांच्या वेळेचे रीतसर पैसे द्यावेत. खळ किती दाट हवी आणि ओढलेल्या ताण्याला किती ताण सोसेल, हे त्यांची बोटं सांगतात.