बंद कचरा डेपोखालून चालणारं पाणी

एक एकर जागेवर वर्षात एक मीटर पाऊस पडला, तर तेवढ्या जागेत ४० लाख लिटर पाणी पडतं. बेळगावात पाऊस याहून जास्त, आणि खानापूर तालुक्यात कणकुंबीच्या बाजूला तर कितीतरी जास्त. आता त्या एकरावर गावाचा जुना कचरा डेपो आहे असं धरा. वर माती ओढून सपाट केलेला, बाभळी उगवलेला, सगळ्यांच्या विस्मरणात गेलेला. पडलेल्या पाण्याचा चौथा हिस्सा जरी आत मुरला, तरी दर पावसाळ्यात १० लाख लिटर पाणी कचऱ्यातून झिरपत खाली उतरतं. डेपोला कुलूप कधी लागलं याच्याशी त्या पाण्याला काही देणंघेणं नाही.

आपल्याकडची गावं नदीला धरून वाढली. खानापूरला मलप्रभा, संकेश्वरला हिरण्यकेशी, गोकाकला घटप्रभा, निपाणीजवळून वेदगंगा. कचऱ्यासाठी ओढ्याच्या उतारावरची किंवा पुराखाली जाणारी पड जागा निवडायची, ही देशभरातल्या लहान शहरांची जुनी रीत. एके काळी त्यात फारसं बिघडतही नव्हतं. राख, शेण, भाजीचा पाला एवढाच कचरा असे आणि तो कुजला की शेतकरी गाड्या भरून खत नेत. पुढे त्याच खड्ड्यांत बॅटरीचे सेल, ट्यूबलाइट, रंगाचे डबे, औषधं आणि प्लॅस्टिक येऊ लागलं. कचरा बदलला, जागा तीच राहिली.

कचऱ्यातून झिरपणाऱ्या काळपट पाण्याला लिचेट म्हणतात. त्याचा स्वभाव वयाप्रमाणे बदलतो. ताजा कचरा कुजताना आम्लं तयार होतात; या काळातलं लिचेट आंबूस असतं आणि धातू सहज विरघळवतं. काही वर्षांनी मिथेन तयार करणारे जिवाणू ताबा घेतात आणि पाणी आम्लधर्मी राहत नाही. शिसं, कॅडमियम यांसारखे धातू मग गंधकाशी बांधले जाऊन बऱ्याच अंशी कचऱ्यातच अडकतात. म्हणून जुन्या डेपोच्या पाण्यात शिसं सापडलं नाही, तर त्यावरून पाणी शुद्ध ठरत नाही. क्षार आणि अमोनिया वाहतच राहतात, आणि अमोनिया तर डेपो बंद झाल्यावरही कित्येक दशकं निघत राहतो.

या अमोनियाकडे फार दुर्लक्ष होतं. तो नदीत उतरला की माशांचं काय होणार, हे पाण्याच्या सामूवर, म्हणजे ते किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे यावर ठरतं. सामू ७ असताना त्यातला शेकडा एक भागाहूनही कमी अमोनिया माशांना घातक अशा मुक्त रूपात असतो; सामू ९ वर गेला की साधारण एक तृतीयांश. उन्हाळ्यात डबक्यासारख्या साचलेल्या नदीत शेवाळ माजतं, आणि दुपारच्या उन्हात तेच शेवाळ पाण्याचा सामू चढवतं. सकाळी पोहणारे मासे दुपारी उलटे तरंगताना दिसले, तर कोणी विष कालवलं असेलच असं नाही. विहिरीत वेगळीच अडचण येते. ग्रामपंचायत ब्लिचिंग पावडर टाकते, पण पाण्यात अमोनिया असेल तर क्लोरीन आधी त्याच्यावरच खर्च होतो. अमोनियातल्या एक मिलिग्रॅम नत्रामागे आठ ते दहा मिलिग्रॅम क्लोरीन लागतं. नेहमीच्या मापानं पावडर टाकूनही मग रोगजंतू शिल्लक राहू शकतात. पाणी उकळलं तर जंतू मरतील, क्षार मात्र तसेच राहतील.

आता जमिनीकडे येऊ, कारण माझ्या मते खरा प्रश्न तिथेच आहे. बेळगाव जिल्ह्याच्या पोटात एकसारखा खडक नाही. खानापूरकडे जांभा, उत्तरेला चिकोडी-अथणीकडे काळा बसाल्ट, गोकाकच्या धबधब्यावर उघडा दिसतो तो कलादगी समूहाचा कठीण वालुकाश्म, आणि कृष्णा-दूधगंगेच्या काठाला मळईची गाळाची जमीन. एकच कचरा या चार ठिकाणी टाकला, तर चार वेगळ्या गोष्टी घडतील.

काळी जमीन पाणी धरून ठेवते, खाली सोडत नाही, असं आपण समजतो. पावसाळ्याच्या मध्यावर हे बरोबर आहे. पण उन्हाळ्यात तीच जमीन हातभर खोल भेगाळते आणि वळवाचं पाणी त्या भेगांतून सरळ खालच्या मुरमात जातं. त्याखालच्या बसाल्टमध्ये पाणी खडकातून नाही, खडकाच्या सांध्यांतून वाहतं. म्हणून डेपोला लागून असलेली विहीर चांगली आणि चार शेतं सोडून असलेली कूपनलिका खराब, असं घडू शकतं. वालुकाश्मातही पाणी मुख्यतः भेगांतूनच सरकतं. मळईच्या जमिनीत त्या मानानं प्रवास सरळ असतो: दूषित पाण्याचा पट्टा भूजलाच्या उताराकडे, म्हणजे बहुतेक वेळा नदीकडे लांबत जातो.

जांभ्यात आणखी एक गोष्ट होते. जांभ्याचा लाल रंग लोहाच्या संयुगांचा. लिचेटमधले सेंद्रिय पदार्थ खाणाऱ्या जिवाणूंना प्राणवायू मिळेनासा झाला की ते नायट्रेट वापरतात, मग मँगनीज, मग लोह. घट्ट बसलेलं लोह त्यामुळे विरघळून पाण्यात येतं आणि त्याला चिकटून असलेले इतर धातूही सुटतात. म्हणजे झऱ्यात दिसणारं बरंचसं लोह कचऱ्यातून नव्हे, आपल्याच जमिनीतून आलेलं असतं. ते सोडवलं कचऱ्यानं. असं पाणी काठावर उघड्यावर आलं की हवा लागून नारिंगी गाळ बसतो, वर तेलासारखा सप्तरंगी तवंगही दिसतो. तवंगात काडी फिरवून बघा. काचेसारखे तुकडे होऊन तो फुटला तर जिवाणूंचा, फिरून लगेच एकत्र आला तर तेलाचा. पाणी साचलेल्या भातखाचरातही जिवाणूंचा तवंग येतो, त्यामुळे एवढ्यावरून डेपोला दोषी धरता येणार नाही.

अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यात नॉर्मन शहराचा डेपो कॅनेडियन नदीच्या गाळाच्या जमिनीवर होता. १९२२ मध्ये सुरू झाला, तळाला कसलंही अस्तर नव्हतं, १९८५ मध्ये बंद करून वर चिकणमातीचा थर दिला. तिथल्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेनं १९९० च्या दशकात जमिनीखाली बारकाईनं पाहिलं, तेव्हा दूषित पाण्याचा पट्टा डेपोपासून नदीच्या दिशेला पसरलेला आढळला. डेपो बंद होऊन दहा वर्षं उलटली होती.

आपल्या नद्यांना त्याहून मोठा चढउतार आहे. पुरात नदीची पातळी भूजलाच्या वर जाते, पाणी उलटं काठात शिरतं आणि सखल डेपोचा तळ भिजवतं. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, दूधगंगा, वेदगंगेच्या काठानं हे पाणी किती आत येतं ते सगळ्यांनी पाहिलं. पूर ओसरला की तेच पाणी कचऱ्याचा अर्क घेऊन नदीकडे परततं. पावसाळ्यात नदी एवढी भरलेली असते की तपासणीत काही सापडत नाही. मार्च ते मे या काळात पात्रातलं पाणी आटतं आणि काठाच्या झिरपीचा वाटा वाढतो. नदीचा नमुना तेव्हाच घ्यायला हवा.

नमुन्यातून काय काढायचं, तेही बघू. उसाच्या पट्ट्यात नुसतं नायट्रेट जास्त आलं तर ते युरियाचंही असू शकतं. क्लोराइड हा लिचेटचा चांगला माग, कारण ते मातीला चिकटत नाही आणि जिवाणू ते खात नाहीत; पण पोटॅशच्या खतातही क्लोराइड असतंच. म्हणून एका विहिरीचा अहवाल पुरेसा नसतो. डेपोच्या वरच्या अंगाची एक विहीर, खालच्या अंगाच्या दोन-तीन आणि नदीत वर-खाली एकेक नमुना, सगळे एकाच दिवशी घ्यावेत. विद्युतवाहकता, क्लोराइड, अमोनिया, लोह, मँगनीज यांचे आकडे शेजारी शेजारी मांडावेत. वरच्या विहिरीत नसलेलं आणि खालच्या विहिरींत असलेलं जे दिसेल, ते डेपोकडे बोट दाखवतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्लोराइडची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम, नायट्रेटची ४५, अमोनियाची ०.५ आहे.

घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत भरावभूमी, म्हणजे कचरा पुरण्याची जागा, नदीपासून १०० मीटर आणि पाणीपुरवठ्याच्या विहिरीपासून २०० मीटर दूर हवी, तळाला ९० सेंटीमीटर चिकणमाती आणि त्यावर दीड मिलिमीटर जाडीचा प्लॅस्टिकचा पडदा हवा, आणि बंद केल्यावर किमान १५ वर्षं देखरेख हवी, असं म्हटलं होतं. जुन्या डेपोंना यातलं काहीच मिळालं नव्हतं. आता बायोमायनिंग करून, म्हणजे कचरा खणून, चाळून वेगळा करून, जागा मोकळी करायचं काम ठिकठिकाणी चालतं. ते व्हायलाच हवं. मात्र ढीग उचलला तरी खालची भिजलेली माती आणि भूजलात उतरलेला पट्टा जागीच असतो, त्यामुळे त्या विहिरींची तपासणी ढीग गेल्यावरही दर उन्हाळ्यात व्हायला हवी. शिवाय चाळणीखाली जी बारीक काळी माती पडते, ती खतासारखी दिसते आणि शेतकऱ्याला फुकट मिळाली तर तो ती नेणारच. तिच्यात काच, प्लॅस्टिकचे कण, शिसं आणि कॅडमियम असू शकतं. कचऱ्यात अडकलेले धातू उघड्यावर हवा लागली की पुन्हा सुटू लागतात, हे लक्षात घेता धातूंची तपासणी झाल्याशिवाय ती माती भाजीच्या आणि रताळ्याच्या वावरात जाऊ देऊ नये.