हूड फुगतंय की सैल पडलंय?

पुण्यातल्या जुन्या उघड्या गाड्यांच्या मालकांची एक तक्रार नेहमीची आहे. द्रुतगती मार्गावर गाडी ऐंशीच्या पुढे गेली की हूड, म्हणजे गाडीचं घडी होणारं कापडी किंवा रेक्झिनचं छत, वर उचललं जातं. त्यावरचा सल्लाही ठरलेलाच असतो : कापड म्हातारं झालं, नवं शिवून घ्या. मग कुशनवाल्याकडे, म्हणजे गाड्यांच्या सीट आणि हूड शिवणाऱ्याकडे, गाडी लागते, बरेच पैसे जातात, आणि पहिल्याच लोणावळा फेरीत नवं कोरं हूडही तसंच फुगतं. असं होतं, कारण हूड वाऱ्याने फुगणं आणि हूड झिजून सैल पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाडीत बसून वर पाहिलं तर दोन्ही सारख्याच दिसतात, पण त्यांची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे.

आधी फुगण्याचं पाहू. गाडी पळते तेव्हा समोरची हवा विंडस्क्रीनवरून चढून छतावर येते आणि तिथे तिचा वेग वाढतो. वेग वाढला की दाब घटतो. आतल्या हवेचा दाब त्या मानाने जास्त राहतो, म्हणून कापड आतून बाहेर ढकललं जातं. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे आणि इथली हवा किंचित विरळ आहे. तरी ताशी ८० किलोमीटरला वाऱ्याचा जोर दर चौरस मीटरला अंदाजे २८ किलो वजनाएवढा भरतो. छतावरची ओढ त्याच्या निम्मी धरली आणि हूड दीड चौरस मीटरचं मानलं, तरी वीसेक किलोंची ताकद कापडाला वर खेचत असते. वेग दुप्पट झाला की ही ताकद चौपट होते. त्यामुळे कर्वे रस्त्यावर चाळीसने जाताना जे हूड शांत असतं, तेच तळेगाव ओलांडल्यावर घुमटासारखं उभं राहतं. कापडात काही बिघडलेलं असायलाच हवं असं नाही. हूडला खालून आधार देणाऱ्या दोन आडव्या कमानींमधलं अंतर जास्त असेल आणि कापड एकेरी असेल, तर उत्तम स्थितीतलं हूडही थोडं फुगतंच. पन्नाशीच्या दशकातल्या ब्रिटिश एमजी गाड्यांचं पातळ हूड आणि कारमान या जर्मन कंपनीने बांधलेल्या उघड्या फोक्सवॅगन बीटलचं जाड, आत पॅडिंग भरलेलं हूड यांची या बाबतीत तुलनाच होऊ शकत नाही.

झिजेची गोष्ट हळूहळू घडते. एप्रिल-मे महिन्यांतलं ऊन रेक्झिनमधला मऊपणा काढून घेतं. मग ते आकसतं, कडक होतं आणि घडीच्या रेषांवर तडकतं. कापडी हूडचा दोरा आधी कुजतो, कापड नंतर. कमानींवर कापड घासून पातळ होतं. तिथे आतून बघितलं तर उजेडाचे बारीक ठिपके दिसतात. पण खरी झीज बहुतेकदा दिसतच नाही, कारण ती कापडाखाली असते. दोन्ही बाजूंनी पुढून मागे जाणाऱ्या पॅडमधला फोम भुगा होतो. कापड कमानीला धरून ठेवणारी, आतून शिवलेली पट्टी उसवते. बऱ्याच गाड्यांत हूडच्या कडेच्या शिवणीतून एक बारीक ताणतार गेलेली असते. दाराच्या काचेवर कड घट्ट बसवायचं काम तिचं. ती तुटली की वेगात नेमकी काचेवरची कड बाहेर उडते आणि सगळे म्हणतात, हूड फुगलं.

दोन्हींतला फरक ओळखायला मेकॅनिक लागत नाही. फुगवटा गुळगुळीत असतो, कमानींच्या मधोमध येतो, वेगाबरोबर वाढतो आणि वेग कमी झाला की निमूट खाली बसतो. सैल हूड मात्र फडफडतं. ते ताशी चाळीसच्या वेगातच आवाज करू लागतं, बहुधा एकाच कोपऱ्यात. उभ्या गाडीवर तळहाताने थापटून पाहा : ताणलेलं कापड टणक वाजतं, सैल कापड भदभद करतं. पावसाची एक सर येऊन गेल्यावर छतावर पाण्याचं डबकं साचत असेल, तर तो वाऱ्याचा दोष नक्कीच नाही.

मला सगळ्यात भरवशाची वाटते ती काचेची परीक्षा. मोकळ्या, सरळ रस्त्यावर स्थिर वेगात शेजारच्याला हूडकडे बघायला सांगा आणि दाराची काच दोन बोटं खाली करा. बहुतेक गाड्यांत आतली हवा बाहेर खेचली जाते आणि फुगवटा उतरतो. पुढची तिकोनी काच वाऱ्याकडे वळवली की उलट होतं : हवा आत कोंबली जाते आणि हूड आणखी वर जातं. काचा हलवून काहीच फरक पडला नाही, तर झीज शोधा. जीपवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. दारं काढून, मागचा पडदा बंद ठेवून जीप पळवली की टप, म्हणजे जीपचं कापडी छत, आतूनच उचलला जातो. पडदा गुंडाळला की हवेला वाट मिळते.

हे दोन दोष एकमेकांना वाढवतात, म्हणून गोंधळ होतो. रोज फुगणारं हूड कमानींवर घासतं, शिवणी ओढतं आणि काही वर्षांत खरोखरच सैल होतं. पण फुगणं थांबवायला कापड अजून ताणून बसवणं हा मला सगळ्यात घातक उपाय वाटतो. त्याने शिवणी फाटतात, हूड विंडस्क्रीनला अडकवणारे पुढचे खटके लागेनासे होतात आणि जुनी सांगाडा-फ्रेम वाकते. ती फ्रेम पुन्हा मिळणं कापडापेक्षा कितीतरी अवघड आहे.

म्हणून कुशनवाल्याकडे जाल तेव्हा कापडाचा रंग निवडण्याआधी आतलं अस्तर सोडवून पॅड, पट्ट्या आणि ताणतार दाखवायला सांगा. विंडस्क्रीनवरचं रबर दबून चपटं झालं असेल, तर तेही आधी बदला. तिथल्या फटीतून शिरणारा वारा आतला दाब वाढवतो. अनेकदा एवढ्यावरच भागतं. नवं हूड लागणारच असेल, तर ते फेब्रुवारी ते मे या काळात करून घ्या. डिसेंबरच्या थंडीत ताणून बसवलेलं रेक्झिन उन्हाळा आला की ढिलं पडतं. बसवल्यावर ते काही दिवस खटके लावून उन्हात बंदच राहू द्या, आणि पावसाळ्यात ओलं असताना कधीही दुमडू नका.