पेट्रोल एका दमात जळत नाही

वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवरून घरोघरी भांडणं झाली. ॲव्हरेज पडतं, हे खरंच आहे. लिटरमागे इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी. पण त्याने ऑक्टेन अंक, म्हणजे इंधनाची अवेळी न पेटण्याची ताकद, वाढतो तो का, हे विचारायला कुणाला सवड नव्हती. मला मात्र त्यातच खरी गंमत वाटते.

शाळेत आपण लिहिलं होतं: ऑक्टेनचा एक रेणू, साडेबारा ऑक्सिजन, झालं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड. समीकरण जुळलं, मार्क मिळाले. पण इतके रेणू एका क्षणी एका जागी धडकणार कसे? आत प्रत्यक्षात मधल्या दलालांची रांग असते. लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेच्या संशोधकांनी २००२ साली आयसोऑक्टेनचं, म्हणजे फांद्या असलेल्या ऑक्टेनचं, जे गणिती प्रतिमान मांडलं, त्यात सुमारे ८६० रेणू आणि मूलकं (रेणूंचे तुटके, जोडीदार शोधणारे तुकडे) आणि ३,६०० अभिक्रिया होत्या. प्रत्येकीचा वेग वेगळा, तापमानाप्रमाणे बदलणारा.

चढावर वरच्या गिअरमध्ये गाडी रेटली की इंजिनातून टकटक ऐकू येते. तेच नॉकिंग. प्लगपासून निघालेली ज्योत कोपऱ्यात पोचायच्या आत तिथलं दाबलेलं, तापलेलं मिश्रण आपणहून पेटतं.

हे आपणहून पेटणं जवळून पाहू. हायड्रॉक्सिल नावाचं मूलक इंधनाच्या रेणूचा एक हायड्रोजन ओरबाडतं. रिकाम्या जागी ऑक्सिजनचा रेणू चिकटतो. आता हे ऑक्सिजनचं शेपूट विंचवाच्या नांगीसारखं वळतं आणि स्वतःच्याच पाठीवरचा हायड्रोजन उचलतं. तिथे पडलेल्या खड्ड्यात दुसरा ऑक्सिजन. मग एक हायड्रॉक्सिल बाहेर पडतं, उरलेला रेणू थोड्या वेळाने फुटतो, त्यातून आणखी एक हायड्रॉक्सिल आणि वर एक मूलक. एक घातलं, तीन निघाली. सावकारी व्याजच! अशा साखळ्यांच्या अभ्यासासाठी सेम्योनोव्ह आणि हिन्शेलवुड यांना १९५६चं नोबेल मिळालं.

आता विचित्र भाग. साधारण ७०० ते ९०० केल्विनच्या पट्ट्यात तापमान वाढवलं, तर मिश्रण पेटायला उलट उशीर होऊ शकतो. आच वाढवावी आणि दूध उशिरा उतू जावं, तसं. कारण उष्णतेने तो पहिला ऑक्सिजन चिकटून राहत नाही, गळून पडतो, आणि व्याज थांबतं.

हेप्टेन या सात कार्बनांच्या इंधनाची साखळी सरळ. तिच्या मधल्या कार्बनांवरचे हायड्रोजन सैल बांधलेले, नांगीच्या टप्प्यात. म्हणून त्याचा ऑक्टेन अंक शून्य. आयसोऑक्टेनच्या अठरा हायड्रोजनांपैकी पंधरा फांद्यांच्या टोकांना घट्ट बसलेले, त्याला शंभर. इथेनॉलमध्ये नांगीचा खेळ जवळपास नाहीच: ऑक्सिजन येतो, ॲसिटाल्डिहाइड मागे ठेवून हायड्रोपेरॉक्सिल होऊन निघून जातो. ते आळशी मूलक. त्यातून बनणारं हायड्रोजन पेरॉक्साइड हजारेक केल्विनपर्यंत गप्प बसतं आणि मग दुभंगतं. शिवाय इथेनॉलची वाफ होताना मिश्रण थंडही होतं.

पेट्रोलच्या नळीला चुंबक बांधून ‘रेणू सुटे करणारे’ विक्रेते अजून भेटतात. कार्बन-हायड्रोजन बंधाच्या ताकदीच्या लाखाव्या हिश्श्याइतकाही जोर त्या चुंबकाचा रेणूवर नसतो. ते फ्रिजवर लावा, वाण्याची यादी तरी अडकवता येईल.

नॉकिंग आवरलं की कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण दाबण्याचं प्रमाण, वाढवता येतं, तेवढ्याच इंधनात जास्त काम निघतं. पण १,८०० केल्विनच्या पुढे हवेतला नायट्रोजनही झपाट्याने ऑक्सिजनशी जुळून प्रदूषक वायू बनवू लागतो, सोव्हिएत शास्त्रज्ञ झेल्दोविचने दाखवलेल्या वाटेने. म्हणून इंजिनाचं चित्र संगणकावर उभं करताना नॉकिंगचा आणि या वायूंचा, दोन्ही हिशोब एकत्र लागतात. ३,६०० अभिक्रिया सिलिंडरच्या लाखो चौकटींत सोडवणं संगणकालाही जड जातं, मग छाटणी होते. कोणती अभिक्रिया काढली तर नॉकिंगची वेळ हलत नाही, हे एकेक करून तपासतात. नांगीची अभिक्रिया मात्र काढता येत नाही.